मेंढरांच्या मागं एक दिवस: पाहुण्यांना माळ दाखवायचा तर

आजचा विषय एका गटानं पाठवलेल्या प्रश्नावरून निघाला आहे. त्या गटातल्या एका ताईंच्या मुलानं मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. इंग्लंडातल्या एका गावात शहरातली माणसं पैसे भरून येतात. प्रत्येकाच्या हातात एक दावं आणि दाव्याला एक लांब मानेचं, केसाळ, गोड तोंडाचं जनावर. मग सगळे मिळून शेताच्या कडेनं, ओढ्याकाठानं तास-दोन तास चालतात आणि चहा पिऊन घरी जातात. ताईंचा प्रश्न सरळ होता: "हे जनावर कोणतं, आणि आपल्या गटाला असलं काही करता येईल का?"

प्रश्न ऐकून केंद्रावर आधी हसू आलं. मग वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे? जनावरांच्या मागं चालण्याचं काम माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. त्याचे पैसे कुणी दिले नाहीत, एवढंच. म्हणून आज दोन्ही गोष्टी समजून घेऊ. ते जनावर काय आहे आणि त्याच्यासोबतची फेरी कशी चालते, ही एक. आणि आपल्याकडं ती फेरी करायची तर कशी करावी, कोणासाठी करावी आणि त्यात कुणाचं नुकसान होऊ नये म्हणून काय पाहावं, ही दुसरी.

त्या चित्रफितीतलं जनावर म्हणजे अल्पाका. त्याचा थोरला भाऊ लामा. (तिबेटातले लामा वेगळे, त्यांचा याच्याशी संबंध नाही.) ही दोन्ही जनावरं मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताची, म्हणजे पेरू, बोलिव्हिया या देशांची. उंटाच्या कुळातली आहेत, पण पाठीवर मदार नाही. अल्पाका साधारण ५० ते ८० किलोचा, म्हणजे चांगल्या पोसलेल्या मोठ्या मेंढ्याएवढ्या वजनाचा. लामा दुप्पट-तिप्पट, १३० ते २०० किलोपर्यंत जातो. अल्पाका राखतात तो लोकरीसाठी आणि लामा ओझ्यासाठी. लामा २५-३० किलो ओझं घेऊन डोंगर चढतो आणि जास्त लादलं तर सरळ खाली बसतो. मग ओढा, ढकला, तो उठत नाही. आपल्याकडच्या बायकांना हे जमलं असतं तर किती बरं झालं असतं, असं आमच्यातल्या एकजणी म्हणाल्या.

तिकडची माणसं ही जनावरं सहा-सात हजार वर्षांपासून पाळत आली आहेत. साडेतीन-चार हजार मीटर उंचीवर, जिथं रात्री पाणी गोठतं, तिथं अल्पाका चरतो. आपलं कळसूबाईचं शिखर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, ते १६४६ मीटर. यावरून अंदाज घ्या. त्या थंडीसाठीच त्याला ती दाट, मऊ लोकर असते. तिकडं कळप राखणं, सूत कातणं, विणणं यात बायांचा मोठा वाटा आहे. पाठीवर पोर बांधलेलं, हातात चाती, पुढं कळप. चित्र पाहिलं तर क्षणभर आपलीच बाई वाटावी.

इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत ही जनावरं आधी लोकरीसाठीच नेली. नुसत्या लोकरीवर सगळ्यांचं भागेना, तेव्हा काहींनी फेरीचा धंदा जोडला. फेरी चालते अशी: पाहुणे आले की आधी पंधरा-वीस मिनिटं माहिती देतात. मागून जाऊ नका, डोक्याला हात लावू नका, गळ्यात पडू नका, कारण हे जनावर दिसायला खेळण्यासारखं असलं तरी त्याला कवटाळलेलं आवडत नाही. मग ज्याच्या-त्याच्या हातात दावं देतात. पुढं एक माहीतगार, मागं एक माहीतगार. वाट ठरलेली, वेळ ठरलेली, जनावरांची पाळी ठरलेली. अल्पाका चालताना 'हंऽऽ' असा बारीक आवाज काढत राहतो. रागावला तर थुंकतो, पण बहुतेक वेळा चाऱ्यावरून आपल्याच भावंडावर. आणि एक फार चांगली सवय त्याला आहे: सगळा कळप ठरलेल्या एकाच जागी लेंड्या टाकतो. झाडणाऱ्या बाईचे कष्ट वाचले!

आता ताईंच्या प्रश्नाचा पहिला भाग. असले अल्पाके आपल्याकडं आणावेत का? आमचं मत स्पष्ट आहे: नको. परदेशातून जिवंत जनावर आणायचं म्हणजे केंद्र सरकारची परवानगी, रोगाच्या तपासण्या, विलगीकरण, हे सगळं करावं लागतं, आणि ते गटाच्या आवाक्यातलं नाही. ते जमलं असं धरलं तरी उन्हाचं काय? थंड डोंगरावरच्या त्या केसाळ जनावराला आपल्या चैत्र-वैशाखातलं ४० अंशांचं ऊन म्हणजे रोजचा जीवघेणा ताप. गाभण अल्पाका साडेअकरा महिन्यांनी वितो, तेही एकच पिल्लू. मेंढी पाच महिन्यांत विते. शिवाय आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते जनावर कधी हाताळलेलं नसतं. आजारी पडलं तर विचारायचं कुणाला?

पण मुद्दा जनावराचा नाहीच. पाहुणा पैसे देतो तो कशाचे? मोकळ्या रानात, एका जिवाच्या चालीनं चालण्याचे. ती चाल आपल्याकडं आहे.

आपल्या भागातल्या मेंढपाळांबद्दल तुम्हाला आम्ही काय सांगावं, तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या घरात मेंढरं आहेत. तरी ज्या बागायती गावांत आमचं बोलणं ऐकलं जातं, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सातारा जिल्हा एकच, पण महाबळेश्वरात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणमध्ये ५०० च्या आत-बाहेर. इथल्या माळावर ज्वारी-बाजरी आणि कुसळी गवत. असल्या रानात जे जनावर चालत चालत पोट भरतं तेच टिकतं. म्हणून इथं मेंढरू. काळी, जाड लोकरीची दख्खनी मेंढी ही इथली जुनी. जतकडं माडग्याळ गावच्या नावाची माडग्याळ मेंढी आहे. ती उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, बाकदार नाक. तिला लोकर फारशी नाही, पण वाढ झपाट्यानं होते. तिच्या चांगल्या मेंढ्याला आटपाडीच्या बाजारात लाखांच्या बोली लागतात. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळं देण्याचा गुण दख्खनी मेंढीत उतरवून 'सुवर्णा' ही मेंढी तयार केली. शासनाच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं माणमध्ये दहिवडीला आणि कवठेमहांकाळ तालुक्यात रांजणीला आहेत. म्हणजे मेंढराचं ज्ञान हवं असेल तर सातासमुद्रापार जायला नको.

पावसाळ्यात ही मेंढरं घरी असतात. दिवाळी झाली की वाडे निघतात. वाडा म्हणजे पाच-दहा बिऱ्हाडं आणि त्यांचे कळप. काही घाट उतरून कोकणात जातात, काही कृष्णाकाठच्या बागायतीकडं. कोकणात भात निघालेलं असतं, रानं मोकळी असतात, शेतकऱ्याला लेंडीखत हवं असतं. तो रात्री आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो आणि त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. मृग जवळ आला की वाडे परत फिरतात, कारण मेंढीला कोकणचा पाऊस सोसत नाही. चिखलात खूर कुजतात.

या सगळ्या चालीत बाईचं काम कोणतं, हे शहरातल्या पाहुण्याला सांगितलं तर तो थक्क होईल. पुरुष मेंढरं चारत रानातून येतो. बाई घोड्यावर सगळा संसार लादते: पाल, भांडी, पीठ-मीठ, कोंबड्या, दोन दिवसांची कोकरं आणि त्यांच्यावर स्वतःचं लेकरू. ती पुढं निघते. नव्या जागी पोचून घोडी उतरवायची, तीन दगड मांडायचे, पाणी शोधायचं, रात्रीसाठी जाळी लावायची, कोकरं पाजायची, लंगडणारी मेंढी वेगळी काढायची, आणि गावात जाऊन शेतकऱ्याशी बोलणं करायचं. पहाटे पुन्हा सगळं उचलायचं. असं सहा-सात महिने. याला कुणी 'व्यवस्थापन' म्हणत नाही. आम्ही म्हणतो.

आता या धंद्याची अवस्था बघा. टेंभू, म्हैसाळ, उरमोडी या योजनांचं पाणी दुष्काळी गावांत आलं, आणि ते यायलाच हवं होतं. पण जिथं पाणी आलं तिथं माळ फोडून डाळिंब, द्राक्ष, ऊस झाला. उरलेल्या माळावर कुठं पवनचक्की, कुठं वनखात्याची लागवड आणि चराईला बंदी. वाड्यांच्या जुन्या वाटा डांबरी झाल्या आणि रात्री मालमोटारी कळपात शिरू लागल्या. लोकरीची तर आणखी वाईट गत. म्हसवडचं घोंगडं एकेकाळी लांबवर जात असे. बायांनी सूत कातायचं, सनगरांनी मागावर विणायचं, चिंचोक्याची खळ द्यायची. आज कारखान्याच्या स्वस्त चादरीपुढं घोंगडं कोण घेतो? कातरणीची मजुरीही लोकरीतून निघत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी कातरलेली लोकर बांधावर पडून राहते. तिकडं अल्पाकाच्या लोकरीचा स्वेटर काही हजारांना जातो. आमच्या काळ्या लोकरीचा दोष इतकाच की ती अंगाला टोचते. पण तिचं आसन, गालिचा, पिशवी, झाडाच्या बुडाशी आच्छादन, काय काय होऊ शकतं. लोकर बघायला, हातात घ्यायला माणूस आला तरच हे सुचेल आणि खपेल. फेरीचा खरा उपयोग आम्हाला इथं दिसतो.

संयुक्त राष्ट्रसंघानं २०२४ हे उंटाच्या कुळातल्या जनावरांचं वर्ष म्हणून पाळलं, त्यात लामा-अल्पाका आले. आणि २०२६ हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं. नावाचं वर्ष आलं म्हणून कुणाच्या चुलीवर काही शिजत नाही, हे आम्हालाही कळतं. पण ग्रामसभेत चराईचा विषय मांडायचा असेल तर एवढं एक वाक्य हाताशी असावं.

तर फेरी करायची कशी?

पहिली गोष्ट काळाची. वाडे घरी असतात ते जूनपासून दिवाळीपर्यंत. त्यातही श्रावण ते अश्विन हा आपल्या माळाचा उत्तम काळ. कुसळीला अजून कुसळं धरलेली नसतात, ओढ्यात पाणी असतं, माळावर चंडोल गातात. नेमक्या याच दिवसांत कासच्या पठारावर फुलं बघायला पुण्या-मुंबईची, कोल्हापूरची माणसं साताऱ्याला येतात. ती आणखी दोन तास पुढं का येणार नाहीत? येतील, पण त्यांना इथं काय आहे ते कुणी सांगायला हवं. दिवाळीनंतर कुसळं मोज्यात, साडीत, अंगात शिरतात आणि कळपही जातात. तेव्हा फेरीचा हंगाम तीन महिन्यांचा. बारमाही उत्पन्नाची आशा धरून कुणी कर्ज काढू नये.

दुसरी गोष्ट, कळप कुणाचा? गटातल्याच एखादीच्या घरचा असेल तर उत्तम. नसेल तर कळपाच्या घरी जाऊन नवऱ्याशी आणि बायकोशी, दोघांशी, बोलायचं. आम्ही अशा एका घरी बोलायला बसलो होतो. घरातल्या आक्का सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "बायांनो, माणसं येऊ द्यात. पण मेंढरू थांबणार न्हाई. त्याचं प्वाट भरायचं असतंय. तुमची माणसं त्याच्या मागं चालतील, का मेंढरू त्यांच्या मागं?" फेरीचा सगळा नियम या प्रश्नात आला. अल्पाका दाव्यानं चालतो, माणूस नेईल तिकडं. मेंढराला दावं नाही. कळप चरत पुढं सरकतो, त्याची चाल ठरवतं ते गवत, ऊन आणि पुढं चालणाऱ्या दोन-चार शेळ्या. पाहुण्यानं त्याच्या मागं, थोडं बाजूनं, आवाज न करता चालायचं. दिवसभरात कळप आठ-दहा किलोमीटर सहज फिरतो. पाहुण्यांना सकाळचे दोन-तीन किलोमीटर पुरे. दुपारी मेंढरं झाडाखाली एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात. ते दाखवावं, कारण शहरातल्या माणसाला ते खेळ वाटतं आणि खरं तर ती ऊन टाळण्याची युक्ती असते.

कळप मोठा असेल तर सगळा फेरीला नेऊ नये. गाभण आणि नुकत्या व्यालेल्या मेंढ्या मागं ठेवाव्यात. पाहुणे आठ-दहापेक्षा जास्त नकोत. पुढं मेंढपाळ, मागं गटाची एक बाई, आणि पाहुण्यांशी बोलायला आणखी एक.

बोलायचं काय? पुस्तकी माहितीची गरज नाही. हे गवत मारवेल, ते पवन्या, ही घाणेरी आणि ती मेंढरानं खाल्ली तर काय होतं. कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यानं मेंढरू तासाभरात कसं मरतं. धाविक पक्षी जमिनीवरच अंडी घालतो म्हणून पाय जपून टाकावा. लांडगा कुठून येतो आणि त्यानं मेंढरू नेलं तर लगेच वनखात्याला कळवून पंचनामा कसा करून घ्यावा लागतो. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात यात्रेला कोण कोण जमतं. हे सगळं आक्कांना येतं. तुम्ही फक्त त्यांना बोलू द्या. शहरातून आलेली माणसं बाईकडं न बघता पुरुषालाच प्रश्न विचारतात, असा आमचा अनुभव आहे. तिथं गटाच्या बाईनं हसत म्हणावं, "हे आक्कांना विचारा, औषधपाणी त्याच बघतात."

आता काळजीच्या गोष्टी. यात हयगय नको.

पाहुण्यांनी मेंढरांना काहीही खाऊ घालायचं नाही. बिस्कीट, पाव, धान्य काहीच नाही. एकदम धान्य किंवा पीठ पोटात गेलं तर मेंढीचं पोट बिघडतं आणि ती दगावू शकते. प्लास्टिकची पिशवी माळावर उडाली आणि मेंढरानं गिळली तर ती पोटात अडकून बसते. म्हणून खाऊच्या पुड्या फेरीआधी जमा करून घ्याव्यात. पाहुण्याचं कुत्रं आणू द्यायचं नाही, कारण कळपाची कुत्री त्याला सोडणार नाहीत.

मेंढ्याच्या कपाळावर हात ठेवून कुणी ढकलाढकलीचा खेळ करायचा नाही. तिकडं अल्पाका-लामा पाळणाऱ्यांना एक गोष्ट अनुभवानं कळली आहे: जे नर पिल्लू बाटलीच्या दुधावर, माणसांच्या लाडात, कळपापासून दूर वाढतं, ते मोठं झाल्यावर माणसाला आपल्यातलंच समजून अंगावर येतं. आपल्याकडं लाडावलेला मेंढा टक्कर देतो ती याच कारणानं. पोरांनी लहानपणी लावलेली सवय, आणि भोगतो वाटेनं जाणारा. असा मेंढा फेरीत नकोच.

गरोदर बाईनं विणाऱ्या मेंढीजवळ जाऊ नये, वार किंवा गाभडलेलं कोकरू तर हातानं उचलूच नये. यातून ताप येणारे, गर्भाला धोका देणारे आजार माणसाला होतात. हे पाहुण्यांइतकंच आपल्या घरच्या सुनांनाही लागू आहे, आणि तिथं आपण ते पाळत नाही. कच्चं दूध पाहुण्याला 'ताजं आहे' म्हणून देऊ नये, उकळूनच द्यावं. फेरी संपली की साबणानं हात धुवायची सोय हवी. आणि कळपाची बाजू म्हणाल तर पीपीआर, देवी, आंत्रविषार, लाळ्या-खुरकूत यांच्या लसी झालेल्या असाव्यात. गावात साथ असेल तर फेरी रद्द. जनावरांच्या डॉक्टरांसाठी १९६२ हा क्रमांक आहे, माणसांसाठी १०८. माळावर फुरसं असतं, म्हणून घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घालूनच चालायचं. आणि सापाच्या विषावरची लस जवळच्या कोणत्या दवाखान्यात ठेवलेली असते, हे फेरीच्या आधी विचारून ठेवायचं. फेरीच्या दिवशी धावपळ करून नव्हे.

फोटोचा विषय लहान वाटतो, पण नाही. पाहुणा येतो आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईचा, चुलीपुढच्या म्हातारीचा, अंगणात आंघोळ करणाऱ्या पोराचा फोटो काढतो. आधी विचारायचं, 'नको' म्हटलं तर मोबाईल खिशात. हा नियम पैसे घेतानाच सांगावा. आपण माळ दाखवतोय, गरिबी दाखवत नाही. डोक्याला पागोटं बांधून गजीनृत्य करून दाखवा, अशी मागणीही येईल. गजी ही देवापुढची गोष्ट आहे. ज्यांची आहे त्यांनी ठरवावं. गटानं त्यांच्या वतीनं 'हो' म्हणू नये.

आणि आता पैसे. इथंच बहुतेक गट भांडतात, म्हणून उदाहरणच घेऊ. समजा आठ पाहुणे आले, माणशी ५०० रुपये ठरले. झाले ४००० रुपये. त्यात ज्यांचा कळप त्या घराला १६००. वाट दाखवणाऱ्या दोघींना ४००-४००, म्हणजे ८००. भाकरी, पिठलं, ठेचा, ताक असं जेवण माणशी १२० रुपयांप्रमाणे ९६०. उरले ६४०, ते गटाच्या पेटीत. त्यातून औषधाची पेटी, पाण्याचा ड्रम, साबण. आकडे तुमचे तुम्ही बदला, पण दोन गोष्टी बदलू नका. कळपाचा वाटा सगळ्यात मोठा असावा, कारण कळपाला धोका सगळ्यात मोठा. आणि तो वाटा कळपाच्या घरातल्या बाईच्या खात्यावर जावा. काहीजणी म्हणतील, घरात आला काय नि तिच्या खात्यावर आला काय, एकच. एकच असतं तर तिचं खातं उघडायला एवढा विरोध झाला असता का?

घोंगडं, आसन, लोकरीची पिशवी विकायला ठेवायची असेल तर फेरीच्या शेवटी ठेवावी, आधी नाही. कळपामागं चालून, कातरणी पाहून, सूत कातायला दहा मिनिटं स्वतः बसून ज्याच्या बोटाला पीळ बसला, तो किमतीवरून घासाघीस करत नाही.

सरकारी बाजूचं थोडक्यात. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. त्याखाली पर्यटन संचालनालयाकडं केंद्राची नोंदणी होते. २०२३ मध्ये राज्यानं महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं, त्यात पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या महिलेला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळण्याची सोय आहे. नुसती फेरी आणि जेवण असेल तर कर्जाची गरजच नाही. पाहुण्यांना मुक्कामाला ठेवायचं ठरवलं, खोल्या-संडास बांधायचे झाले, तरच त्या वाटेला जावं. वनखात्याच्या हद्दीतून वाट जात असेल तर आधी वनरक्षकाशी बोलून परवानगी घ्या, नाहीतर पाहुण्यांसमोर शोभा होईल. गायरानातून जात असेल तर ग्रामपंचायतीला लेखी कळवा. हे लेखी कळवणं दुसऱ्याही कामाला येतं. गायरान कुणाला तरी देऊन टाकायचा ठराव पुढं आला, तर इथं चराई चालते आणि गावातल्या बायांचा व्यवसाय चालतो, याची नोंद पंचायतीच्या दप्तरात असते. आम्हाला तर वाटतं, पैशांपेक्षा ही नोंद जास्त मोलाची ठरेल.

ज्या गटांना करून बघायचं आहे त्यांनी पहिली फेरी बाहेरच्या पाहुण्यांची करू नये. आपल्याच तालुक्यातल्या बागायती गावच्या एखाद्या गटाला बोलवा. कृष्णाकाठच्या कित्येक बायांनी रानात बसलेली मेंढरं पाहिली आहेत, पण ती बसवणाऱ्या बाईशी दोन शब्द बोललेल्या नाहीत. त्यांच्याकडून पैसे घेऊ नका, शिधा आणायला सांगा. वाट किती लांब वाटली, पाणी कुठं कमी पडलं, कोण दमलं, मेंढरं कुठं बुजली, हे सगळं त्या फेरीत कळेल. ते एका वहीत लिहून ठेवा आणि श्रावणाच्या आत आमच्याकडं पाठवा, किंवा गुरुवारी दुपारी केंद्रावर या. येताना त्या घरच्या आक्कांना घेऊन या. पुढच्या वेळी माईकपुढं त्यांना बसवू.